राजाभाऊची टॉवेल-टोपी

गिऱ्हाईक खुर्चीत, गालाला फेस, आणि ते म्हणालं, “भैया, कल्ले जरा बारीक,” की राजाभाऊचा वस्तरा जागच्या जागी थांबायचा. चिडायचा नाही. आरशातून बघत शांतपणे म्हणायचा, “भैया स्टेशनवर भेटतील. हितं राजाभाऊ असतो.” समोरचा माणूस निमूट ‘राजाभाऊ’ म्हणेपर्यंत फेस वाळत राहायचा. आमच्या निम्म्या वस्तीला त्यानं असंच वळण लावलं.

खरं नाव रामनरेश. गाव देवरिया जिल्ह्यात कुठंतरी. माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान त्याच्या सलूनला लागून, मध्ये नुसता एक पत्रा. पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि मी काही कान झाकून बसणारी बाई नव्हे. त्यामुळं हा माणूस मला दिसला त्यापेक्षा ऐकूच जास्त आला आहे.

आमची वस्ती बारामतीच्या कडेला, कालव्याला लागून. माझं लग्न होऊन मी इथं आले तेव्हा दारापुढं ऊस होता. आता उसाच्या जागी खोल्या उगवल्यात. एमआयडीसीत कामाला आलेली बिहारची, ओडिशाची, युपीची पोरं त्यात राहतात. वरच्या मजल्यावरून एक गाणं, खालून दुसरं, आणि दोन्ही आपल्याला न कळणारी. खोल्या बांधल्या आम्ही, भाडं घेतो आम्ही, आणि ‘ह्या लोकांनी वस्तीची पार वाट लावली’ असं संध्याकाळी कट्ट्यावर बसून म्हणतोही आम्हीच. लाज वाटली पाहिजे, पण भाडं वेळेवर येतं तोवर ती कोण वाटून घेतो?

वस्तीचा जुना न्हावी दत्तूतात्या. त्याची पोरं पुण्यात कंपनीत लागली, वस्तऱ्याला हात लावायला कुणी तयार नाही. कुणीतरी त्याला सांगितलं, सुप्याच्या बाजारात लिंबाखाली आरसा टांगून एक परप्रांतीय बसतो, हात हलका आहे. तात्या स्वतः सुप्याला गेला, त्याच्यापुढं उकिडवा बसला, दाढी करून घेतली, गालावरून हात फिरवला आणि त्याला एसटीत घालून घेऊन आला. दुकान त्याच्या हवाली केलं. अट एकच घातली: दुकानात काय वाटेल ते कर, पण घाट सोडायचा नाही. दहाव्याला बोलावणं आलं की न्हावी नाही म्हणत नाही.

तर राजाभाऊची मराठी शाळा म्हणजे कऱ्हेचा घाट. आमच्याकडं दहावा म्हटला की सगळी भावकी नदीवर. डोकी भादरायची, पिंड ठेवायचे, कावळा शिवायची वाट बघायची, आणि तोवर माइक असतोच, त्यावर श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलतो, सोसायटीचा चेअरमन बोलतो, मयताला ओळखत नसलेलाही कुणीतरी सगळ्यांत जास्त बोलतो. राजाभाऊ खाली मान घालून डोकी करायचा आणि कान वर. रोज कुणी ना कुणी मरतंच, त्यामुळं शाळा कधी बुडली नाही. बोलीभाषा तो गिऱ्हाइकांकडून शिकला, पण चार माणसांत उभं राहून बोलायची मराठी त्यानं तिथंच उचलली.

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची पंचाहत्तरी आम्ही दारात मांडव घालून केली. माइक फिरत फिरत राजाभाऊकडं आला, कारण आबांची दाढी तोच घरी येऊन करायचा. तो उठला, हात जोडले, आवाज खाली आणला आणि म्हणाला, “आबा अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू होते. शून्यातून त्यांनी संसार उभा केला. या दुःखातून सावरायचं बळ परमेश्वर त्यांच्या कुटुंबाला देवो.” माझ्या जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि आबा असे हसत सुटले की कवळी हातात आली.

“आरं राजा, हाय की मी अजून,” आबा म्हणाले. “पर लई भारी बोललास. माझ्या दहाव्याला ह्येच बोल, येक शब्द बदलू नगं.”

राजाभाऊनं गंभीरपणे मान डोलावली. काय चुकलं हे त्याला तेव्हा कळलं असावं असं मला वाटत नाही. माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे असंच बोलायचं, एवढं त्याला ठाऊक. आपण जिवंत माणसाबद्दल चांगलं बोलताना त्या बिचाऱ्यानं कधी ऐकलंच नसेल तर त्याचा काय दोष?

पुढं आबा खरंच गेले. घाटावर आमच्या घरची सगळी डोकी त्यानंच केली. मग हात धुतले, शर्टाची वरची बटणं लावली आणि माइकच्या बाजूला जाऊन उभा राहिला. एक माजी सभापती बोलले, एक आजी सदस्य बोलले, बँकेचे कोण ते बोलले. तेवढ्यात कावळा शिवला. निवेदकानं सांगितलं की वेळेअभावी सर्वांना बोलता येणार नाही, क्षमस्व. मग सोयऱ्यांनी आमच्या घरच्या पुरुषांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या, खांद्यावर टॉवेल टाकले. आपल्याकडं दुखवट्यातल्या माणसाला तोवर उघड्या डोक्यानं बसावं लागतं. टोपी चढली की दुखवटा निघाला, माणूस परत चारचौघांत आला. राजाभाऊ पेटी आवरत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, आबाचं राहिलं.” मी म्हणाले, बोलू परत कधीतरी. परत कधी? माणूस काय दोनदा मरतो?

त्याचा आवडता शब्द होता ‘आपल्यात’. आपल्यात पितरांच्या पंधरवड्यात नवीन काही घेत नाहीत. आपल्यात पाहुण्याला चहाशिवाय लावून देत नाहीत. आपल्यात सोमवारी दुकान बंद. सोमवारी तरी घरी बसेल की नाही? तर पेटी उचलून सोमेश्वरनगरला, ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांवर डोकी करायला. दुकानाला आधी त्यानंच ‘न्यू गोरखपूर हेअर कटिंग’ अशी पाटी लावली होती. ती काढून त्यानं माझ्याकडून ‘जय मल्हार सलून’ असा फ्लेक्स करून घेतला. जेजुरीहून आणलेला भंडारा रोज सकाळी आधी आरशाला आणि मग स्वतःच्या कपाळाला. खुर्चीवर बसणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकालाही बोट लागायचं, विचारायची पद्धत नव्हती.

तो काही देवमाणूस नव्हता, हे सांगायला हवं. बाहेरून आलेल्या पोरांशी तो आमच्यापेक्षा कडक वागायचा. दिबाकर नावाचा एक ओडिया मुलगा आमच्याच खोलीत राहायचा, कापडाच्या कारखान्यात होता. तो ‘भाई, कटिंग करना है’ म्हणाला की पलीकडून ऐकू यायचं, “मराठीत. हितलं खातोस ना? मग मराठीत.” दिबाकर बिचारा ‘केस... काप’ असं काहीतरी जुळवायचा. मग राजाभाऊ त्याला थुंकू नये कुठं, गाणी लावू नयेत केव्हा, यावर प्रवचन द्यायचा, आणि शेवटी ‘आपल्यात हे चालत न्हाय’ हे ठरलेलं. एकदा त्याच्याच गावाकडचा एकजण पत्ता काढत आला, तर हा त्याच्याशीही मराठीत बोलला. तो माणूस गोंधळून माझ्या दुकानात येऊन विचारायला लागला, रामनरेश कुठं बसतो म्हणून. आम्ही पत्र्याअलीकडं पोट धरून हसलो. कट्ट्यावर तर त्याचं केवढं कौतुक: बघा, असा पाहिजे परप्रांतीय! त्याला ते कौतुक पुरायचं. पाठ थोपटून घ्यायला तो आमच्याकडं किती आशेनं बघत होता, हे आता आठवलं की मान खाली जाते.

त्याची बायको सुशीला. तिला मराठी आली नाही. म्हणजे कळायची सगळी, पण जिभेवर बसेना. आणि हा घरातही मराठीच बोलायचा, मुलगी पिंकी मराठी शाळेत, तिलाही मराठीच. बाजारात सुशीला भाजीवालीला हिंदीत काही बोलली की हा इकडंतिकडं बघून तिला दाबायचा. मला बजावून ठेवलेलं, “ताई, हिच्याशी हिंदी बोलू नका. सवय लागंल.” ती दुपारी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायची, कागद जुळवून द्यायची, आणि मी इमानदारीत मराठीत बोलायचे. मी आपली मोठं समाजकार्य केल्यासारखी. एक दिवस कागद जुळवता जुळवता ती म्हणाली, “दीदी, घर में दोनों मराठी में हँसते हैं. हम किससे बोलें?” मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा मराठीत दिलं असणार.

कावीळ अंगात मुरली आणि सुशीला गेली. दुखणं समजून धावपळ होईपर्यंत उशीर झाला होता. देवरियाहून राजाभाऊचे थोरले भाऊ आले. रामसुमेर त्यांचं नाव. उंच, कमी बोलणारे, खांद्यावर गमछा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अस्थी गावी न्यायच्या, बाकीचे विधी तिकडं करायचे, आणि पिंकीलाही तिकडंच ठेवायची. घरात आजी आहे, चुलती आहे. इथं बिनआईच्या पोरीला कोण बघणार? बाप दिवसभर दुकानात, नाहीतर घाटावर.

पत्र्यापलीकडून त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. भाऊ विचारत होते, “यहाँ कौन है तुम्हारा?” आणि राजाभाऊ सांगत होता, सारी वस्ती आहे. मी ह्यांच्या प्रत्येक घरचं डोकं केलंय. सुखात नाही तरी दुःखात गेलोय. तुम्ही दहाव्यापर्यंत थांबा, आणि बघा.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं फ्लेक्स करायला आला. सुशीलाचा फोटो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली दहाव्याची वेळ आणि कऱ्हेचा घाट. फोटो निवडताना रडला नाही. म्हणाला, “ताई, भैयाला फक्त येकदा घाट भरल्याला बघू द्या. मग ते पिंकीचं नाव काढणार न्हाईत. म्हणतील, हिला बघायला येवढी माणसं हायत.”

फ्लेक्स मी मोठा केला. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोपही मीच टाकला. हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पूर आला. आमच्या ह्यांनीही हात जोडले, म्हणजे मोबाइलवर. मी ते राजाभाऊला दाखवलं, आणि तो एकेक नाव वाचत गेला.

मग कळलं की त्याच सकाळी घाटावर आणखी एक दहावा आहे. कारखान्याच्या एका माजी संचालकांच्या मातोश्री वारल्या होत्या. मी घाबरत घाबरतच त्याला सांगितलं. पण त्याचा चेहरा उलट उजळला. “बरंच झालं की ताई. माणसं घाटावर असणारच. चार पावलं हिकडं यायची, येवढंच.”

निघताना त्यानं माझ्याकडं एक कापडी पिशवी दिली. आत नवा टॉवेल आणि पांढरी टोपी. टोपी सोयऱ्यांनी आणायची असते, पण त्याचे सोयरे पार तिकडं देवरियात. म्हणून स्वतःच आणून ठेवलेली. म्हणाला, वस्तीतलं कुणी मोठं माणूस आलं की त्यांच्या हातात द्या, ते चढवतील. आपल्यात टोपीबिगर उठत न्हाईत.

सकाळी घाटावर गेलो तर वरच्या अंगाला मोठा मांडव, खुर्च्या, स्पीकर, नाश्त्याची पातेली. गाड्या थेट पुलापर्यंत लागलेल्या. आणि खालच्या अंगाला पायरीवर राजाभाऊ, त्याचे भाऊ, पिंकी, भटजी, मी आणि शेजारच्या दोन बायका. मागं उन्हात अवघडून उभा दिबाकर आणि त्याच्या खोलीवरची दोन पोरं, कामावर दांडी मारून आलेली. राजाभाऊनं भाड्यानं आणलेल्या खुर्च्या एकात एक घातलेल्या तशाच उभ्या. तो सारखा वर बघायचा आणि भावाला सांगायचा, येतील, तिकडचं झालं की येतील.

वरच्या मांडवात मला ओळखीची सगळी डोकी दिसत होती. आमचेही दिसत होते. मी हातानं खूण केली, त्यांनी ‘येतो, येतो’ अशी उलट खूण केली. संचालकांचं घर पडलं मोठं, उसाची तोड त्यांच्या शब्दावर, तिथून मधेच उठायचं कसं? हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मला ते तेव्हाही कळत होतं, हीच तर गंमत.

राजाभाऊचं डोकं त्याच्या भावानं करायला घेतलं. न्हाव्याचं घर, हात त्यांचाही हलकाच. अर्धं डोकं झालं होतं आणि वरून पायऱ्या उतरत आमचे हे येताना दिसले. मला काय बरं वाटलं! राजाभाऊनं मान वळवली. वस्तरा लागेल म्हणून भावानं ती धरून ठेवली, तरी त्यानं वळवली. आणि भावाला म्हणाला, “देखिए.” मी पिशवीत हात घातला.

आमचे हे जवळ आले. मला बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं, राजाभाऊच्या अर्ध्या डोक्याकडं बघितलं. वरून कुणीतरी हाक मारली, लवकर आटपा म्हणून. मग ते खाली बघत म्हणाले, “राजाभाऊ, तिकडं न्हावी येकच आलाय. लई डोकी हायत, खोळंबलंय. तुझं झालं की जरा येतो का?”

भावाला मराठी येत नव्हती. त्यांनी विचारलं, क्या कह रहे हैं? राजाभाऊ गप्प. तेव्हा पिंकीनं सांगितलं. आजपर्यंत सगळ्यांच्या मधे पडून भाषा सांगायचं काम तिचंच असायचं, आईचं दुकानदाराला, आईचं शाळेतल्या बाईंना. सवयीनं सांगून टाकलं तिनं, “बड़े पापा, पापा को बुला रहे हैं. उधर के लोगों का बाल काटने.”

भावानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि उरलेलं अर्धं डोकं पूर्ण केलं. आमचे हे मागच्या मागं पायऱ्या चढून गेले.

पिंड ठेवले. कावळा येईना. सगळे कावळे वरच्या अंगाला, तिथं पिंडही मोठे आणि पातेलीही. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्या जिवाची काहीतरी इच्छा राहिली, मग जवळच्यांनी शब्द द्यायचा. राजाभाऊ हात जोडून उभा राहिला. “सुशीला, पिंकीची काळजी करू नगं. तिला हितंच शिकवीन.” काही नाही. “दुसरं लगीन करणार न्हाय.” काही नाही. “तुला गावाला न्यायचं राहिलं, चूक झाली.” सगळं मराठीत. ऊन चढत चाललं. भटजी घड्याळाकडं बघायला लागले.

मग त्याचे भाऊ पुढं आले. त्यांच्याकडं जेठानं धाकट्याच्या बायकोशी बोलायचं नसतं, तिनं त्याच्यासमोर यायचंही नसतं. सुशीलानं मला हे एकदा सांगितलं होतं. त्या माणसानं गमछा हातात घेतला आणि पिंडाकडं न बघता, नदीकडं बघत म्हणाला, “दुलहिन, चिंता मत करिह. पिंकी के हम घरे ले जाइब.”

कावळा आला आणि शिवला.

आता कावळ्याला भोजपुरी कळते असं मी म्हणत नाही. वरची गर्दी नाश्त्याला उठली होती, तिकडचे पिंड संपले असतील, आला असेल इकडं. पण हे मला आत्ता, दुकानात बसून सुचतं. तिथं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, आणि राजाभाऊला तर नाहीच. त्यानं पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.

टोपीची पिशवी माझ्या हातात होती. बाईमाणसानं टोपी चढवायची नसते. वस्तीतलं मोठं माणूस तर कुणी आलं नव्हतं. दिबाकर माझ्याजवळ येऊन विचारत होता, “दीदी, अब क्या करने का रहता है?” मी म्हणाले, काही नाही, झालं. चांगला हातापायानं धड माणूस, कामावर दांडी मारून आलेला, माझ्यापुढं उभा होता. त्याच्या हातात ती टोपी द्यावी हे मला सुचलंच नाही. कारण तो वस्तीत राहत असला तरी वस्तीतलं माणूस म्हणून माझ्या डोक्यात कधी बसलाच नव्हता. हे मला घरी जाऊन भाकरी थापताना कळलं, तेव्हा तव्यावरची करपली.

राजाभाऊनं पेटी उचलली. भाऊ म्हणाले, कुठं निघालास? तर म्हणाला, “दसवाँ है, भैया. मना नहीं करते.” आणि उघड्या डोक्यानं वर गेला. मी खालून बघत होते. एकेक डोकं करायचा, ते उठायचं, सोयरे त्याला टोपी चढवायचे. न्हाव्याच्या गोट्याकडं कुणाचं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही. स्पीकरवर कुणीतरी सांगत होतं की मातोश्री अत्यंत प्रेमळ आणि मनमिळाऊ होत्या.

संध्याकाळी बरेचजण येऊन गेले त्याच्या खोलीवर. कुणी म्हणालं, वाटलं तुमच्यात दहावा गावाकडं करतात. कुणी म्हणालं, निघालोच होतो. चहा झाला. आमचे हे गेले नाहीत. जेवलेही नाहीत. रात्री कड बदलत म्हणाले, “मी दुसरं काय तरी बोलायला उतरलो होतो गं.” मी काही विचारलं नाही, कारण विचारून त्यांना अजून खाली कुठं उतरवू?

पिंकी निघाली त्या दिवशी माझ्या दुकानात आली. दप्तर पाठीला. मी तिला पेन्सिलींचं पाकीट दिलं, खाऊ दिला, आणखी काय काय दिलं. तिनं सगळं दप्तरात नीट भरलं आणि विचारलं, “काकी, तिकडं मराठी शाळा असती का?” मी म्हणाले, असेल. हे आणखी एक खोटं. बाहेर तिचे मोठे चुलते उभे होते. त्यांनी मला हात जोडले. मला वाटतं सबंध वस्तीत फक्त मलाच जोडले, आणि ते मला पेललं नाही.

त्यानंतर पत्र्यापलीकडचा आवाज बदलला. आधी मला कळलं नाही काय बदललं. मग एकदा एक नवीन गिऱ्हाईक म्हणालं, “भैया, दाढी.” मी हातातलं काम थांबवून ऐकत राहिले. पलीकडं वस्तरा चालूच होता, खर्र खर्र, मधे कुठं थांबला नाही. “जी, बैठिए,” राजाभाऊ म्हणाला. मराठी विसरला नव्हता. गिऱ्हाईक मराठीत बोललं तर सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं. दिबाकर आला की दोघं खूप वेळ बोलायचे, हिंदीतच. कट्ट्यावर एकजण म्हणालाही, राजाभाऊ बिघडला. मी तिथंच त्याला चांगलं झापलं, पण असं झापायला माझी जीभ फार उशिरा सुटली. दिवाळीच्या आधी त्यानं दुकान सोडलं. इंदापूरकडं गेला एवढंच समजलं. फ्लेक्स खाली उतरवून, गुंडाळून माझ्या दाराशी ठेवून गेला होता.

माझं आजोळ इंदापूर तालुक्यात. यंदा माझे मामा गेले. त्यांच्या दहाव्याला भीमेच्या काठावर गेलो तर गर्दीच्या मधोमध खाली मान घालून डोकी करत होता तो. केस पांढरे झालेत. कपाळावर भंडारा नव्हता. माझ्याकडं बघून हसला. पिंकी कशी आहे विचारलं. “अच्छी है, दीदी. दसवीं में है,” म्हणाला. ताई म्हणाला नाही.

टोप्या चढवून झाल्या. सोयरे जास्त आले होते, त्यामुळं टॉवेल-टोप्या उरल्या होत्या. आमच्या ह्यांनी त्यातली एक टोपी उचलली, घडी मोडली, फुंकर मारून फुगवली. मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं बघत नव्हते. चारचौघांतून वाट काढत ते राजाभाऊपर्यंत गेले. तो उकिडवा बसून वस्तरा धूत होता. हे त्याच्यापुढं वाकले, दोन्ही हातांत टोपी धरून.

“राजाभाऊ,” ते म्हणाले, “तुझं राहिलं होतं.”

भर गर्दीत, सगळे बघत असताना. माझ्या नवऱ्याला एवढं वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

राजाभाऊ मागं सरकला. जरासाच. पूर्वी तो ह्यांना दादा म्हणायचा.

“रहने दीजिए, साहब,” तो म्हणाला, राग नाही, काही नाही. “हमारे यहाँ नहीं चलता.”

आणि वस्तरा पुसून त्यानं पेटीत ठेवला.